आवडणं, चालू वर्तमानकाळात

१ फेब्रुवारी २०००, मंगळवार

फळा लागला! निर्मळ गावात सदानंदरावांच्या वाडीतल्या ज्या खोलीत कालपर्यंत केळ्यांचे घड टांगायचे, तिथं आजपासून माझा इंग्रजीचा वर्ग. छताला आकडे तसेच लोंबतायत, कोपऱ्याकोपऱ्यात पिकत्या केळ्यांचा वास आहे, पण भिंतीवर काळाकुळकुळीत फळा आहे आणि त्यावर माझ्या हातानं लिहिलेलं ‘ॲडव्हान्स्ड ग्रामर’. मला तर तिथंच फुगडी घालावीशी वाटली. पण सर म्हणून उभं राहायचं तर जरा पोक्तपणा हवा, म्हणून घसा खाकरला आणि हजेरी घेतली.

सदानंदरावांनी भाडं नको म्हणून सांगितलं. त्यांची मोगऱ्याची आणि केळीची वाडी आहे, माणूस मोजकं बोलणारा. मुलगी राधिका बी. कॉम. झाली आहे, तिला शिकवा म्हणजे झालं, एवढंच म्हणाले. वसई रोडला आमच्या सोसायटीजवळ गाळा घ्यायचा तर बाबांनी मला उभं केलं नसतं. आता संध्याकाळी बाबांची स्कूटर काढायची की सुटलो निर्मळला. मंगळवार, गुरुवार, शनिवार.

बाबांची अट मात्र आहेच. पाडव्यापर्यंत माझ्या वर्गातल्या एकाला तरी इंग्रजीच्या जोरावर नोकरी लागली पाहिजे. नाही लागली तर वर्ग गुंडाळायचा आणि साताऱ्याला काकांच्या पतसंस्थेत कारकून म्हणून चिकटायचं. काकांनी खुर्चीसुद्धा ठेवली आहे म्हणे. एम. ए. इंग्लिश होऊन मी पावत्या फाडत बसणार? हॅट! पाडव्याला मी इथंच असणार, याच फळ्यासमोर.

३ फेब्रुवारी, गुरुवार

आज रोगाचं निदान झालं. सगळ्यांना स्वतःबद्दल बोलायला लावलं. राजोडीचा अँथनी पहिला उठला. घरची समुद्रकाठची खानावळ सांभाळतो, बोटीवर वेटर व्हायचं आहे, मार्चअखेर इंटरव्ह्यू आहे. माझी सगळी मदार याच्यावर. तो छाती काढून म्हणाला, “आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.” पुढचा म्हणाला, “आय ॲम नोइंग टायपिंग.” तिसरी म्हणाली, “आय ॲम बिलीव्हिंग इन गॉड.” मी कपाळावर हात मारून घेतला.

मग खडू हातात घेतला आणि असा काही सुटलो की विचारू नका. काही क्रियापदं कामाची असतात. पळणं, लिहिणं, फुलं खुडणं. ही चालू असू शकतात, त्यांना आयएनजी लावा, खुशाल. पण काही क्रियापदं नुसती अवस्था सांगतात. माहीत असणं, मालकीचं असणं, विश्वास असणं, हवं असणं, आवडणं. त्यात माणूस काही करत नसतो. कुणी बोलवायला आलं तर “थांब जरा, मी माहीत असतोय” असं आपण सांगतो का? मराठीतल्या ‘मला माहीत आहे’मधल्या ‘आहे’ला भुलून आपण इंग्रजीत ‘ॲम’ घुसडतो आणि मागून आयएनजी आपोआप येतो. वर्ग माना डोलवत होता. खिडकीबाहेर सदानंदरावांची बहीण, हंसाआत्या, केळीच्या पानात फुलं बांधता बांधता ऐकत होत्या, त्यांनीसुद्धा मान डोलवली. घरात ही मंडळी त्यांच्या बोलीत बोलतात, मला निम्मं डोक्यावरून जातं, पण मान डोलवलेली कळते.

पाडव्यापर्यंत या वर्गात एक ‘नोइंग’ शिल्लक ठेवणार नाही.

१० फेब्रुवारी, गुरुवार

राधिका हे एक कोडंच आहे. जर-तरची वाक्यं बिनचूक, कर्मणी प्रयोग बिनचूक, माझ्याकडूनसुद्धा चुकतं ते शब्दयोगी अव्ययांचं जंजाळ ही पोरगी सहज सोडवते. पण अवस्थेचं क्रियापद आलं की घसरलीच. आज म्हणाली, “सर, आय ॲम लाइकिंग धिस क्लास.” मागच्या शनिवारी “आय ॲम वाँटिंग टू आस्क”. त्याआधी “आय ॲम प्रिफरिंग टी”. एवढी हुशार मुलगी आणि नेमकी इथंच पाय घसरतो! मग काय, वर्ग सुटल्यावर तिला समजावत बसावं लागतं. आज अंधार पडला. आत्यांनी चहा आणला, बरोबर ताटलीत सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी. मी आधी कधी खाल्ली नव्हती. ताटली रिकामी केली.

शिवाय प्रश्न विचारते ते तर भलतेच. म्हणाली, “एखादी गोष्ट आधी फार आवडत नव्हती आणि आता रोज थोडी थोडी जास्त आवडायला लागली आहे, तर इंग्रजीत कसं सांगायचं?” मी ठणकावून सांगितलं की आवडणं हे दिव्याच्या बटणासारखं आहे, असतं नाहीतर नसतं, त्यात थोडं थोडं काही नाही. तिनं वहीत काहीतरी खोडलं. मग म्हणाली, “तुम्ही म्हणता तर असेल.”

माझं शिकवणं तिच्या बाबतीत कमी पडतंय का? शंका आली खरी. आणखी वेळ द्यावा लागेल.

१९ फेब्रुवारी, शनिवार

अँथनीच्या भावंडांची संख्या अखेर ‘आय हॅव’वर आली! मला मिठी मारावीशी वाटली. राधिका आज पुन्हा चुकली. थांबलो.

२६ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं! सकाळी फोर्टात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे एक जाडजूड विलायती व्याकरण मिळालं. येताना लोकलमध्ये बसायला जागा मिळाली आणि नेमकं तेच प्रकरण उघडलं. वाचत गेलो आणि अंगावर काटा आला. मी वर्गाला सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धंच आहे!

अवस्थेच्या क्रियापदांनासुद्धा आयएनजी लागतो. कधी? अवस्था हळूहळू बदलत असेल तेव्हा. दिवसेंदिवस मला हे गाव जास्त आवडत चाललं आहे, असं सांगायचं तर ‘आय ॲम लाइकिंग इट मोअर एव्हरी डे’ चालतं. माणूस एरवी तसा नसतो पण आज तेवढ्यापुरता वागतोय, तेव्हाही चालतं. ‘ही इज बीइंग स्टबर्न’, म्हणजे स्वभावानं हट्टी नाही, आज हट्टीपणा करतोय. आणि काही मागायचं आहे पण अंगावर जायचं नाही, तेव्हा तर फारच गोड. ‘आय वॉज होपिंग’, ‘आय वॉज वंडरिंग’. दार न ढकलता नुसती कडी वाजवल्यासारखं. कॉलेजात हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही!

म्हणजे राधिकाचा प्रश्न बावळट नव्हता. बावळट उत्तर होतं. तिला हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण संध्याकाळी जातो तर वर्ग भरलेला, बाकीच्यांना आधी जुनं पक्कं करायचं आहे, म्हणून गप्प बसलो. मंगळवारपर्यंत कसं थांबायचं?

२७ फेब्रुवारी, रविवार

थांबलो नाही. सकाळीच स्कूटर काढली. आईनं विचारलं, आज रविवारचा कुठं? म्हटलं, व्याकरणाचं काम आहे. तिनं नुसतं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं.

राधिका मोगऱ्यात कळ्या खुडत होती, कमरेला ओटी बांधलेली. बांधावर उभा राहूनच मी पुस्तक उघडलं आणि सगळं प्रकरण वाचून दाखवलं, उदाहरणांसकट. तिचे हात चालूच होते. संपल्यावर म्हणाली, “म्हणजे माझं बरोबर होतं.” मी म्हटलं, शंभर टक्के. तर म्हणाली, “मग ते फळ्यावर लिहा, सगळ्यांसमोर.” आणि हसली. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. विद्यार्थ्याची शंका फिटल्यावर शिक्षकाला जो आनंद होतो, तो हाच असणार.

सदानंदरावांनी ओट्यावर बसवून घेतलं. आज मात्र बरंच बोलले. गाव कुठलं, भाऊबहिणी किती, बाबा कधी निवृत्त होणार, मासळी चालते का, पुढंही वसईतच राहायचा विचार आहे की कसं. घरमालकाला महिन्यानंतर जाग आली म्हणायची! भाडेकरूची चौकशी आधी करतात. मी सगळं खरं सांगितलं, साताऱ्याच्या खुर्चीचंसुद्धा, आणि म्हटलं की माझ्या मनात इथंच राहायचं आहे. मासळी चालते हे ऐकून दाराआडून हंसाआत्या त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या आणि आतून खळखळून हसू आलं. काय म्हणाल्या ते समजलं नाही.

७ मार्च, मंगळवार

आज नवा धडा. फळ्यावर लिहिलं: ‘राधिका वॉज राइट.’ वर्गानं टाळ्या वाजवल्या. मग एकेकाकडून उदाहरणं घेतली. अँथनीला ‘आय वॉज होपिंग’ इतकं आवडलं की जाईपर्यंत घोकत होता, सर आय वॉज होपिंग तुम्ही मला राजोडीच्या नाक्यापर्यंत सोडाल.

राधिकाला ‘बीइंग’चं उदाहरण विचारलं. ती उभी राहिली, माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “सर, यू आर बीइंग ब्लाइंड.” सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी म्हटलं, हसता काय, उदाहरण उत्तम आहे. कायमचा आंधळा नाही, तेवढ्यापुरता. शाबास. ती खाली बसली आणि पुस्तकात तोंड घातलं.

१२ मार्च, रविवार

वर्ग नाही. काही केल्या वेळ जात नाही. रविवार इतके लांबलचक कधीपासून झाले?

१९ मार्च, रविवार, होळी

सकाळी दार उघडतो तर काय, सदानंदराव आणि हंसाआत्या! सोबत केळ्यांचा अख्खा लोंगर. लोंगर म्हणजे पूर्ण घड, हा तिकडचा शब्द. असा देखणा लोंगर मी जन्मात पाहिला नव्हता, हिरवागार, वरून खाली भरलेला, माझ्या कमरेएवढा. दांड्याला हळद-कुंकू लावलेलं आणि मोगऱ्याचा गजरा गुंडाळलेला. सदानंदरावांनी तो उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकवून ठेवला. आईनं विचारलं, काही कार्य आहे का घरी? तर म्हणाले, नाही, सहज. चहा घेतला, बाबांशी भातशेतीवर बोलले, आत्यांनी आईच्या स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि निघाले. दारात सदानंदराव मला म्हणाले, “मास्तर, घाई नाही. सावकाश पिकू द्या.” काय आदबीची माणसं आहेत! नुसती केळी द्यायची तरी हळद-कुंकू लावून.

आई म्हणाली टांगून ठेवू. पण माझ्या डोक्यात भन्नाट कल्पना आली. संध्याकाळी सोसायटीची होळी, सगळे जमणार, कच्च्या केळ्याची भजी का नको? आपल्याला मिळालं ते सगळ्यांत वाटावं! आई नको नको म्हणत होती, आधी त्यांना विचार तरी म्हणाली. मी कसला ऐकतोय. सुरी घेतली आणि फण्या उतरवल्या. वरची एक फणी तेवढी आईनं दांड्याच्या तुकड्यासकट ओढून घेतली. कुंकू लावून आलेलं सुरीखाली घालायचं नाही म्हणाली, आणि देवाजवळच्या खिळ्याला टांगली.

भज्यांनी बहार उडवली! तळमजल्यापासून गच्चीपर्यंत निर्मळच्या केळ्यांचं नाव. मंगळवारी सदानंदरावांना सांगतो, खूश होतील.

२१ मार्च, मंगळवार

सांगितलं. वर्गाच्या सुरुवातीलाच, सगळ्यांसमोर. सदानंदराव दारात उभे होते, म्हणून मुद्दाम मोठ्यानं सांगितलं की तुमचा लोंगर अख्ख्या बिल्डिंगला कापून वाटला, लोक बोटं चाटत होते. सदानंदरावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग “बरं” म्हणाले आणि मोगऱ्याकडे निघून गेले. मोजकं बोलणारा माणूस.

आणि आजची मोठी बातमी: राधिकानं अवस्थेच्या क्रियापदांत एकही चूक केली नाही! तोंडी विचारलं, लेखी विचारलं, मुद्दाम फसवी वाक्यं टाकली, सगळं बिनचूक. ‘आय नो.’ ‘आय अंडरस्टँड.’ ‘आय डोंट वाँट एनिथिंग.’ महिनाभराच्या मेहनतीचं फळ! मी तिचं वर्गात कौतुक केलं. तिनं मान वर केली नाही. वर्ग सुटल्यावर समजावायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे ती लगेच घरात गेली. चहाही आला नाही आज.

मी जिंकलो आहे. मग घरी येताना स्कूटरवर गाणं का सुचलं नाही कोण जाणे.

२३ मार्च, गुरुवार

राधिका आली नाही. डोकं दुखतंय असं आत्यांनी खिडकीतूनच सांगितलं.

२५ मार्च, शनिवार

आजही नाही. शिवाय सदानंदराव वर्ग संपल्यावर आले आणि म्हणाले, पाडव्यानंतर खोली केळ्यांसाठी लागेल.  मी म्हटलं, काही चुकलं का? तर म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही मास्तर, उत्तर दिलंत ते बरं केलंत. मी कुठलं उत्तर दिलं? मला तर कुणी प्रश्नच विचारला नाही.

निघताना कळलं की पाडव्याला आगाशीहून राधिकाला बघायला पाहुणे येणार आहेत. चांगलं आहे, वय आहे, मुलगी गुणी आहे. पण ही काय वेळ आहे? ऐन अभ्यासात? इतकी तयार झालेली विद्यार्थिनी अशी मधेच काढून घ्यायची? मला संतापच आला. रात्री जेवलो नाही. शिक्षकाला वाईट वाटणारच.

२९ मार्च, बुधवार

लागली! अँथनीला नोकरी लागली! सोमवारी इंटरव्ह्यू झाला, आज पत्र हातात. दुपारी बिल्डिंगखालून ओरडत आला, “सर, सर”, मी अनवाणीच जिने उतरलो. पोराच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, त्यांनी विचारलं रात्रपाळी जमेल का, आणि मी बोललो, ‘आय वॉज होपिंग यू वुड आस्क दॅट.’ तो गोरा साहेब हसला सर, बोलला असं बोलायला कोणी शिकवलं? बाकी सगळं साधं बोललो, आयएनजी फक्त तिथंच घातला.

बाबांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं, साताऱ्याला फोन लावला आणि काकांना म्हणाले, तुमची खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. मी जिंकलो! वर्ग राहिला, मी राहिलो!

मग हे लिहिताना छातीवर दगड ठेवल्यासारखं का वाटतंय? खोली जाणार म्हणून असेल. खोली काय, दुसरी मिळेल. पण मला दुसरी नको आहे.

३० मार्च, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

वर्गानंतर अँथनीनं राजोडीला ओढून नेलं, पार्टी म्हणून. वाळूत बसलो, त्याच्या मम्मीनं बोंबील तळून दिले. मी घास गिळत नाही हे बघून तो म्हणाला, सर, एक विचारू, रागावू नका. तुम्हाला राधिका पसंत नव्हती तर नव्हती, पण लोंगर कापल्याचं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं.

मी म्हटलं, पसंत नव्हती म्हणजे?

मग त्यानं सांगितलं. त्याची मम्मी आणि हंसाआत्या नाक्यावर शेजारी बसतात, एक मासळी घेऊन आणि एक फुलं घेऊन, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक. सदानंदरावांच्या घराण्यात मुलीसाठी तोंडानं विचारत नाहीत. मुलाच्या घरी कुंकू लावलेला लोंगर नेऊन ठेवतात, आणि ‘सहज’ म्हणतात. होकार असेल तर तो लोंगर न कापता टांगायचा, पिकू द्यायचा आणि पिकलेली पहिली फणी मुलीच्या घरी न्यायची. नकार असेल तर कापून शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकायचा. तोंडानं विचारलं नाही की तोंडानं नाही म्हणावं लागत नाही, दोन्ही घरांचा मान राहतो. आणि मी काय केलं? भजी! अख्ख्या बिल्डिंगला भजी! आणि तिच्या तोंडावर, वर्गाच्या सुरुवातीला, मोठ्यानं!

मी अँथनीला विचारलं, पण राधिकाला काय वाटत होतं? तो माझ्याकडे असं बघायला लागला, जसं काही मला भरती-ओहोटीच माहीत नाही. म्हणाला, “सर, ती घरी आम्हाला तुमच्यापेक्षा चांगलं ग्रामर शिकवायची. लाइकिंग-वाँटिंग फक्त तुमच्यासमोर चुकायची. वर्गात सगळ्यांना माहीत होतं, एक तुम्ही सोडून.”

 सुकेळी, चहा, ते ‘बीइंग ब्लाइंड’, सदानंदरावांचं ‘मासळी चालते का’. सगळं एकदम उजाडलं. आणि त्याबरोबर दुसरंही उजाडलं. रविवार का लांब होते, इस्त्री का करत होतो, बांधावर उभं राहून व्याकरण का वाचलं. मला राधिका आवडते. आवडत चालली होती, रोज थोडी थोडी, आणि मी तिलाच सांगत होतो की तसं काही नसतं!

घरी आलो तो सरळ देवाजवळ. फणी! पिवळीधमक, दांड्याच्या तुकड्यासकट, कुंकू अजून तसंच. आई मागं येऊन उभी राहिली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला त्याच दिवशी वाटलं होतं. पण तू कुणाचं ऐकतोस? म्हणून एक तरी वाचवून ठेवली.” मी आईच्या पायाच पडलो. बाबा पेपराआडून म्हणाले, उद्या तुझ्या आईला घेऊन जा, एकटा गेलास तर आणखी काहीतरी वाटून येशील.

३१ मार्च, शुक्रवार

सकाळीच निघालो. आई मागं बसलेली, फणी पदराखाली मांडीवर घेऊन. खड्डा आला की ओरडायची, हळू, एक केळं जरी गळलं तरी बघ. मी आयुष्यात इतकी हळू स्कूटर चालवली नाही आणि आयुष्यात इतकी घाई मला कधी झाली नाही.

सदानंदराव ओट्यावर होते. आईनं फणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आधी फणीकडे पाहिलं, मग दांड्यावरच्या कुंकवाकडे, मग माझ्याकडे. मी जे ठरवून आलो होतो ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो की मला पद्धत माहीत नव्हती, बाकीच्या लोंगराची भजी झाली, पण ही एक आमच्या देवाजवळ पिकली, आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.  सदानंदरावांनी फणी उचलून उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं संपलं. पाडव्याचे पाहुणे, आगाशी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

त्यांनी एक केळं सोडवलं, सोललं, खाल्लं. पूर्ण. साल बाजूला ठेवली आणि आईला म्हणाले, “चांगली पिकवलीत. आमच्याकडे फणीच बघतात, लोंगराचं काय झालं ते कुणी विचारत नाही.” आणि आत वळून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. या वेळी मला कळलं. आगाशीला निरोप धाडा म्हणाले.

हंसाआत्या आईला हाताला धरून आत घेऊन गेल्या. राधिका मोगऱ्याच्या बांधावर उभी होती, डोळे लाल. मी जवळ गेलो आणि विचारलं, इतकं सगळं येत होतं तर महिनाभर चुकत का होतात?

“बरोबर बोलले असते तर तुम्ही थांबला असतात?”

मी म्हटलं, नसतो थांबलो, गाढव होतो म्हणून. तिनं गाढव हा शब्द खोडला नाही. मग म्हणाली, तुम्ही सगळ्यांसमोर भज्यांचं सांगितलंत तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं. मी तिची माफी मागितली, मराठीत, साध्या भूतकाळात. ती रडली आणि हसली, दोन्ही एकदम, आणि ओटीतल्या कळ्या माझ्या ओंजळीत ओतून म्हणाली, आता आलाच आहात तर खुडायला लागा.

दुपारपर्यंत खुडत होतो. पाठीचा काटा ढिला झाला. एवढा आनंद मला एम. ए. पास झालो तेव्हाही झाला नव्हता.

६ एप्रिल, गुरुवार

काल पाडवा. आमची गुढी उभी राहिली, संध्याकाळी निर्मळहून सगळे आले, साखरपुड्याचा दिवस धरला. सोसायटीत बातमी फुटली आणि वरच्या मजल्यावरच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, म्हणजे त्या दिवशी आम्ही तुमचा नकार खाल्ला होय! बाबा हसून हसून खोकले.

खोली माझ्याकडेच राहिली. आज नवी तुकडी. अँथनीमुळे राजोडीची चार-पाच मुलं आली आहेत, त्यातला एक उठून म्हणाला, “आय ॲम नोइंग स्विमिंग.” मी नव्या दमानं खडू घेतला आणि दिव्याच्या बटणाची गोष्ट सोडून बाकी सगळं शिकवलं. राधिका मागच्या बाकावर बसली होती, जुनी विद्यार्थिनी म्हणून. शेवटी मी सगळ्यांना विचारलं, काही शंका?

ती उभी राहिली. चेहरा इतका गंभीर की कुणालाही खरंच वाटावं. म्हणाली, “सर, आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग.”

जुनी मंडळी तोंड दाबून बसली. खिडकीबाहेर हंसाआत्यांचा फुलं बांधणारा हात थांबला. मी फळा पुसला, हात झटकले आणि म्हटलं, वर्ग सुटल्यावर थांब.